शंभर गुणांचं तळं

आमच्या घरामागे एक तळं आहे. त्यात पाणी आहे, पाण्यात मासे आहेत, काठाला लव्हाळी आहेत आणि लव्हाळ्यांत पाणमांजरांचं एक कुटुंब आहे. या सगळ्या गोष्टी एक दिवस तळ्याच्या विरुद्ध जातील असं त्या वेळी कुणी सांगितलं असतं, तर आम्ही त्याला डोक्यावर गार पाणी ओतून घ्यायला सांगितलं असतं. पाणी तेवढं होतं.

पाणमांजर ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. नर मिशाळ असतो, पोट पुढे काढून काठावर उभा राहतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे संशयाने बघतो. म्हणून आमच्याकडे त्याचं नाव हवालदार. मादीला आमची ही बाळंतीण म्हणते, कारण ती दुसऱ्या कुठल्या अवस्थेत आम्हाला कधी दिसलेलीच नाही. बाळंतीण आणि आमची ही यांचं साबणावरून हाडवैर. धुण्याच्या दगडावर साबण ठेवून हिने पाठ फिरवली की साबण तळ्यात. मग ही काठावर उभी राहून तिच्या सगळ्या खानदानाचा उद्धार करी, बाळंतीण पाण्यातून डोकं वर काढून शांतपणे ऐकून घेई, आणि संध्याकाळी माशांची डोकी पुन्हा तिच्याच वाट्याला जात. एकदा तर तिने साबण नेला आणि दुसऱ्या दिवशी तळ्यातले सगळे मासे पांढरेशुभ्र निघाले, हे मी या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

तर अशा या तळ्याच्या जागी बस दुरुस्तीचा डेपो करावा, असं कुणाच्या तरी मनात आलं. पण कायदा मोठा दयाळू. कुठलंही तळं बुजवण्यापूर्वी त्याच्या 'अधिवास गुणवत्तेचे मूल्यमापन' करावं लागतं. पन्नास किंवा त्याहून जास्त गुण पडले तर ते तळं कायमचं संरक्षित. कमी पडले तर 'वन्यजीवांस निरुपयोगी' असा शेरा, आणि दुसऱ्या दिवशी मातीचे ट्रक. आमच्या तळ्यासाठी जे मूल्यमापक नेमले गेले ते नेमके आमचे जावई. नोकरीत ते तात्पुरते होते. हे काम निर्दोष झालं तर कायम होणार होते.

घरचाच परीक्षक आणि तळं पाणमांजरांनी भरलेलं! मी निवांत झालो. घरात कुणी सरकारी नोकरीत असताना माणसाने इतकं निवांत होऊ नये.

जावई आले ते गुडघ्यापर्यंत बूट घालून. बरोबर आमची लेक.

"आधी चहा घ्या," ही म्हणाली.

"मूल्यमापनापूर्वी काही घेता येत नाही, आई. लाच होते."

"चहा?"

"साखर असली तर."

हिने बिनसाखरेचा दिला. तो त्यांनी तोंड वाकडं करून घेतला, त्यामुळे तो नियमात बसला.

मग त्यांनी तळ्याची खोली मोजली, लव्हाळी मोजली, मासे मोजले. पाणमांजरांची विष्ठा काठच्या खडकांवर असते, जावयांनी ओणवं होऊन ती हुंगली, डोळे मिटले आणि अत्तराच्या दुकानात उभं असल्यासारखे म्हणाले, "ताजी आहे. मासा आणि थोडा खेकडा. कुटुंब सुखात आहे, मामा."

"मग गुण बरे पडतील ना, जावईबापू?"

"या क्षणी मी तुमचा जावई नाही, मामा."

"असं? मग माझी मुलगी सध्या कुणाच्या घरी राहते?"

त्यांनी लव्हाळी पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतली. माणूस प्रामाणिक होता, तिथेच सगळा घोळ होता. दुपारी ते ओसरीवर येऊन बसले, बूट काढले आणि खालच्या मानेने म्हणाले, "अकरा."

"शंभरपैकी?"

"शंभरपैकी."

"आणि ते अकरा तरी कशाचे?"

"धुण्याच्या दगडाचे. तेवढा एक नमुन्याला धरून आहे."

आमची लेक नवऱ्याला चारचौघांत अहो म्हणते. त्या क्षणी ती थेट अरेवर आली. "अरे, डोळे आहेत का तुला? समोर पाच-पाच पाणमांजरं नाचताहेत आणि तू पाणमांजरांच्या घराला अकरा गुण देतोस?"

"पाच आहेत, तोच तर मोठा दोष आहे," जावई कळवळून म्हणाले. "पाणी फार, मासे फार, आणि पाणमांजरं तर... एकही नको होतं."

"पाणमांजरांच्या अधिवासात?"

"हो. हे बघा मामा, एखादं तळं चांगलं की वाईट हे कशावरून ठरवायचं? त्यासाठी आधी उत्तम तळं कोणतं ते ठरवावं लागतं. त्याला म्हणतात संदर्भतळं. त्याचे गुण कायम शंभर. मग आपण एवढंच बघायचं, की दुसरं तळं त्याच्यापासून किती वेगळं आहे. जितकं वेगळं, तितके गुण कमी."

"आणि आपलं फार वेगळं आहे?"

"खोटं कशाला बोलू? तुमच्या तळ्यात तळ्यासारखं काही म्हणजे काहीच नाही."

दुसऱ्या दिवशी मी ते संदर्भतळं बघायला त्यांच्या कार्यालयात गेलो. जावई मला मागच्या दाराने एका आवारात घेऊन गेले. तिथे पोचताच त्यांनी बूट काढून हातात धरले. समोर फरशी घातलेलं चौकोनी अंगण होतं. एका कोपऱ्यात गळका नळ, नळाखाली कडी तुटलेली बादली. भिंतीवर दोन कबुतरं. मध्यभागी एक कुत्रा झोपलेला, इतका गाढ, की माशी त्याच्या नाकावर बसून कंटाळून उठून गेली. दाराशी स्टुलावर एक शिपाई जांभया देत होता. बाकी सगळीकडे साहेब लोकांच्या गाड्या.

"तळं कुठे आहे?" मी विचारलं.

"तुम्ही त्यातच उभे आहात," मागून आवाज आला. मोठे साहेब बाहेर आले होते. त्यांच्या चेहऱ्यावर, नवं घर दाखवताना असतं तसलं हसू होतं.

"आजोबा, एके काळी हे सगळ्या मुलखातलं सर्वांत सुंदर तळं होतं. तेव्हाची समिती आली, तिने पाहिलं, समिती रडली, आणि तिने ठराव केला की याला शंभर गुण, कायमचे. पुढे तुलना करायला सोपं जावं म्हणून कार्यालयच काठावर आणलं. कार्यालय आलं म्हणजे गाड्या आल्या. गाड्यांना जागा लागते."

"म्हणून भर घातली."

"थोडीशी. दर वेळी थोडीशीच. आणि दर वेळी आम्ही तपासून पाहिलं बरं का! भर घालण्यापूर्वी शंभर, घातल्यावर शंभर. एका गुणाचंसुद्धा नुकसान होऊ दिलेलं नाही."

"पण गुण उतरले कसे नाहीत?"

"स्वतःपासून कोण वेगळं असतं?" साहेब म्हणाले. हा प्रश्न इतका बिनतोड होता की कुत्र्यानेही झोपेत शेपटी हलवली.

"आणि इथली पाणमांजरं?"

"गेली कुठे तरी. पाणमांजरांसाठी उत्तम जागा कशी असते, हे त्यांना कधी कळलंच नाही." साहेबांनी खेदाने मान हलवली. "निराश होऊ नका. नियमात पुनर्मूल्यमापनाची सोय आहे. घरी जा, तळं सुधारा, आम्ही पुन्हा येतो."

घरी येऊन मी हिला बेत सांगितला.

"डेपोवाले तळं बुजवणार, म्हणून त्यांच्या आधी तुम्ही बुजवणार?" ही म्हणाली. "मग त्यांनाच बुजवू द्या की. तुमची कंबर तरी वाचेल."

"बुजवायचं नाही गं, झाकायचं. पाण्यावर फळ्या टाकायच्या, फळ्यांवर फरशी. खाली तळं जसंच्या तसं. एकदा संरक्षण मिळालं की झाकण काढायचं."

"तुमची झाकणं मला ठाऊक आहेत. बिस्किटांच्या डब्याचं लावलेलं झाकण आजवर तुमच्याने निघालेलं नाही."

मी ऐकलं नाही. तळ्यावर वासे पडले, फळ्या पडल्या, फरशी बसली. फरशी पुरती वाळायच्या आत कबुतरं येऊन बसली. त्यांना कधी बोलवावं लागत नाही. अडलं ते नळावर. नवा नळ काही केल्या गळेना. प्लंबरला बोलावलं आणि सांगितलं, बाबा, हा चांगला नळ बिघडवून दे. त्याला भरून आलं. म्हणाला, "एवढंच ना? दुरुस्त करतो, म्हणजे आपोआप गळेल." आणि तसंच झालं.

मग कुत्रा. गल्लीतले सगळे कुत्रे आणून पाहिले, पण फरशीवर उभं केलं की फळ्यांखालून हवालदाराची शिट्टी ऐकू येई आणि कुत्रा पाणी कुठे आहे ते शोधत वेडा होई. झोपणारा कुत्रा एकच होता, तो संदर्भतळ्यातला. जावयांना दया आली. ते त्याला टोपलीत घालून आमच्याकडे घेऊन आले. तो वाटेतही उठला नाही. आम्ही त्याला मध्यभागी ठेवला, मी चार पावलं मागे जाऊन बघितलं. हुबेहूब! तेवढ्यात जावयांनी कपाळावर हात मारला.

"घात झाला, मामा. कुत्रा इथे आहे म्हणजे तो तिथे नाही. म्हणजे या घडीला उत्तम तळ्यात कुत्रा नसतो. हा आपल्याकडे जास्तीचा झाला!"

"मग?"

"मग काय, तो परत नेला की पुन्हा तिथे कुत्रा होणार आणि आपल्याकडे कमी पडणार."

शेवटी लेकीने तोडगा काढला. मूल्यमापन चालू असेपर्यंत कुत्रा वाटेतच राहील, म्हणजे तो कुठेच नसेल. टोपली दोन्ही जागांच्या बरोबर मध्ये, एका न्हाव्याच्या दुकानात ठेवली. न्हाव्याने वेळ जात नव्हता म्हणून त्याचे कान कातरले.

राहता राहिली पाणमांजरं. ती फळ्यांखाली होती, पण गप्प बसत नव्हती. साहेब येणार त्या सकाळी तर पिल्लांनी खालून फरशीवर ढुशा मारायला सुरुवात केली. मग जाळं टाकून सगळं कुटुंब उचललं आणि आमच्या न्हाणीघरात नेऊन कोंडलं. बाळंतीण शहाण्यासारखी आली. हवालदार मला चावला. कुठे चावला ते सभ्य माणसांना सांगण्यासारखं नाही. एवढंच सांगतो, की पुढे कितीतरी दिवस मी उभ्याने जेवलो.

साहेब आले. गाडी फरशीच्या कडेला लावली, म्हणजे नमुन्यातल्या गाड्यांचीही सोय झाली. फरशीवरून चालले. बादलीत बोट बुडवलं, नळाखाली कान दिला. जांभया देणाऱ्या शिपायाच्या जागी स्टुलावर मी होतो. बसताना इतकी कळ आली की मी जबडा फाकवला, आणि ती त्यांना अस्सल जांभई वाटली. साहेबांचे डोळे पाणावले.

"शंभर," ते म्हणाले. "माझ्या उभ्या नोकरीत पहिल्यांदा."

लगेच दाराशी पाटी लागली: 'पाणमांजरांचा आदर्श अधिवास. संरक्षित.' डेपो रद्द झाला. जावई जागच्या जागी कायम झाले. लेक पुन्हा अहोवर आली. तळं वाचलं होतं! साहेबांची गाडी वळणाआड गेली न गेली तोच मी पहार घेतली आणि पहिल्या फरशीच्या सांध्यात घातली.

"मामा! पहार खाली ठेवा!" जावई ओरडले. "संरक्षित अधिवास आहे हा. इथली एक फरशी हलली तर तुरुंग."

"अहो, खाली तळं आहे!"

"असेल. पण त्या तळ्याला अकरा गुण आहेत. वरच्याला शंभर."

ही दारात उभी होती. ती झाकणाविषयी काहीही बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण जावई हात धुवायला न्हाणीघरात गेले आणि आतून पाच डोकी त्यांच्याकडे बघायला लागली. तात्पुरते असते तर त्यांनी दार लोटून घेतलं असतं. आता ते कायम होते. वन्य प्राणी घरात ठेवणं हा गुन्हा; अर्थात, ते घर हा त्या प्राण्यांचा योग्य अधिवास नसेल तरच. त्याची खात्री करायला साहेब दुसऱ्याच दिवशी परत आले. त्यांनी न्हाणीघराचं दार उघडलं आणि तिथेच खिळून उभे राहिले. खाली फरशी. कोपऱ्यात गळका नळ. नळाखाली बादली. झरोक्यात दोन कबुतरं.

"हे तर निसर्गतःच आहे," ते पुटपुटले. "मुद्दाम काही केलेलं दिसत नाही."

"नळ लग्न झाल्यापासून गळतोय," ही म्हणाली. "यांना सांगून सांगून माझी जीभ झिजली."

"उपकार झाले की त्यांनी ऐकलं नाही, आजी. नव्वद गुण! पाणमांजरं असूनसुद्धा इतके गुण मिळवणारं हे एकमेव ठिकाण आहे."

अशा रीतीने आमचं घरही संरक्षित झालं. माणसांनी ते रिकामं करावं असा हुकूम निघाला. फक्त 'किरकोळ मानवी वावर' म्हणून स्टुलावर जांभया देणारा एक इसम ठेवायला परवानगी होती, कारण तो मूळ नमुन्यात होता. त्या जागेवर माझी नेमणूक झाली. मी स्टुलावर असलो की ही लेकीकडे जाते. ही स्टुलावर असली की मी फरशीवर फेऱ्या मारतो.

"जन्मभर जांभयाच देत आलात," ही म्हणाली. "आता निदान हुद्दा मिळाला."

पाणमांजरांचं म्हणाल तर ती न्हाणीघरात आहेत. हवालदार पूर्वीसारखा उभा राहतो, पण संशय घ्यावा असं समोरून कुणी जात नाही. तो भिंतीकडे बघत असतो. बाळंतिणीची तिथेच जन्मलेली नवी पिल्लं मात्र मजेत. त्यांतलं धाकटं दिवसभर बादलीत बसतं आणि पाणी उडवतं.

परवा दुपारी मी कायदा मोडला. जावई कचेरीत होते. स्टूल बाजूला केलं, काठाची एक फरशी उचलली, तिच्याखालची फळी सरकवली, आणि धाकट्याला उचलून त्या भोकाशी नेलं. खाली तळं होतं. गार वास आला. अंधारात एक मासा वळला आणि त्याच्या अंगावर उजेड चमकला.

"जा रे," मी म्हणालो. "घर आहे तुझं."

धाकट्याने खाली बघितलं. त्याच्या अंगावरचे केस उभे राहिले. ते माझ्या बाहीला घट्ट चिकटलं, घाबरून शिट्ट्या मारत माझ्या हातातून सुटलं, आणि धावत न्हाणीघरात जाऊन बादलीत बसलं. तिथे गेल्यावर गप्प झालं.

बाळंतीण मागून आली होती. तिने भोकातून उडी घेतली. खाली बराच वेळ पाण्याचा आवाज येत होता. मला वाटलं, ही काही आता परत येत नाही, आणि मनातून बरंही वाटलं. पण ती आली. तोंडात मासा होता. तो तिने बादलीपाशी ठेवला. पिल्लांनी तो हुंगला आणि लांब सरकली. मग ती बादलीला टेकून बसून राहिली.

आमची ही लेकीकडून आली होती. तिने कोनाड्यातला साबण काढला आणि बाळंतिणीपुढे ठेवला. "घे बाई," ती म्हणाली. "ने. मी बोलणार नाही."

बाळंतिणीने साबणाकडे पाहिलंसुद्धा नाही.

मी फळी सरकवून फरशी जागच्या जागी बसवली. वेळेवर बसवली म्हणायची, कारण तेवढ्यात जावई आले. बादलीतल्या धाकट्याकडे बघून त्यांना फार समाधान वाटलं. "बघा मामा, तुम्ही उगीच जिवाला लावून घेत होतात. त्यालासुद्धा पटलंय."

हल्ली ते घरी कमीच असतात. आता ठिकठिकाणचे नवे संदर्भ ठरवायचे आहेत, आणि समित्या नेमायला वेळ नाही, म्हणून ते दारोदार जाऊन राहणाऱ्यांनाच विचारतात, "तुमच्याकडे बाहेर कसं आहे?" लोक खिडकीतून एकदा नजर टाकतात. नाल्याकडे बघतात, भिंतीकडे बघतात, कुंडीतल्या झाडाकडे बघतात, आणि म्हणतात, "ठीक आहे की." जावई शंभर लिहून पुढच्या दाराकडे वळतात. आजवर नव्याण्णव कुणीही म्हणालेलं नाही.

ते तुमच्याकडेही येऊन गेले. तुम्ही काय म्हणालात ते त्यांनी मला सांगितलंय. धाकट्याला मी दोष देत नाही. त्याला डोळे उघडल्यापासून आम्ही बादलीच दाखवली.

तुम्ही तळं पाहिलं होतंत.